हातातली चकती आणि नाकावरचा राग

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सोमवारची सकाळ, दवाखान्यात सर्दी-खोकल्याची नेहमीची गर्दी. त्या गर्दीत ओळखीच्या एका गृहस्थांचा मुलगा उजवा हात डाव्या हाताने धरून बसलेला दिसला. पुण्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. करंगळीच्या बाजूने हात चांगलाच सुजलेला, निळसर पडलेला. ‘‘काय रे, गाडीवरून पडलास का?’’ मी विचारले. तो मान खाली घालून म्हणाला, ‘‘नाही काका, भिंतीला लागला.’’

भिंत काही आपणहून कोणाच्या हाताला लागायला येत नाही. मी त्याला मूठ मिटायला सांगितली. करंगळीच्या मुळाशी जो उंचवटा दिसायला हवा, तो दिसेना. एक्स-रे काढला. करंगळीच्या मागचे तळहातातले हाड मानेशी मोडले होते. आम्ही डॉक्टर याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतो. नाव मुष्टियोद्ध्यांचे असले तरी हे हाड बहुतेक वेळा मोडते ते रागाच्या भरात भिंतीवर, दारावर किंवा कपाटावर ठोसा मारणाऱ्या तरुण मुलांचे.

प्लास्टर घालता घालता हकीकत कळली. शनिवारी सामना होता. गुण १४-१४, शेवटचा एक गुण बाकी. याने लांबवर चकती फेकली, ती खोलीवर बरोबर राहणाऱ्या मित्राच्या हातून सुटली आणि सामना गेला. हा सर्वांसमोर त्याच्यावर ओरडला, ‘‘तुला खेळायला घेतलं कोणी?’’ मित्र काही न बोलता पिशवी उचलून निघून गेला. मग याने कपडे बदलण्याच्या खोलीतल्या भिंतीवर मूठ मारली.

‘‘हाताचं काही वाटत नाही काका,’’ तो म्हणाला, ‘‘पण दोन दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही.’’

हाताला प्लास्टर घालता येते. दुसऱ्या दुखण्याचे काय करायचे, त्याविषयी आजचा हा लेख.

हा कुठला खेळ?

वाचकांपैकी अनेकांनी ‘अल्टिमेट फ्रिसबी’ हे नाव ऐकलेही नसेल. समुद्रकिनाऱ्यावर किंवा बागेत मुले प्लॅस्टिकची थाळीसारखी चकती एकमेकांकडे भिरकावतात, ती फ्रिसबी. तिच्यावरून १९६८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मेपलवूड गावच्या कोलंबिया हायस्कूलमधल्या मुलांनी एक सांघिक खेळ तयार केला. आज तो जगभर खेळला जातो. त्याच्या जागतिक महासंघाला २०१५ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पूर्ण मान्यता दिली. आपल्याकडेही मोठ्या शहरांतली मुले-मुली तो खेळतात, आणि पुष्कळदा एकाच संघात खेळतात.

मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद. दोन्ही टोकांना १८ मीटरचा एकेक पट्टा. एका बाजूला सात खेळाडू. १७५ ग्रॅमची चकती एकमेकांकडे फेकत न्यायची आणि समोरच्या पट्ट्यात आपल्या खेळाडूने झेलली की एक गुण. चकती हातात असताना धावायचे नाही. एक पाय रोवून उभे राहायचे. समोरचा खेळाडू मोठ्याने दहापर्यंत मोजतो, त्याच्या आत ती फेकावीच लागते. जमिनीवर पडली, बाहेर गेली किंवा प्रतिस्पर्ध्याने अडवली, की त्याच क्षणी ती त्यांची.

या खेळाची सर्वांत मोठी गंमत म्हणजे महासंघाच्या नियमांप्रमाणे यात पंच नसतो. जागतिक स्पर्धेतसुद्धा धक्का लागला, रेषेबाहेर पाय पडला, तर त्याचा निर्णय खेळाडूंनी आपापसात बोलूनच करायचा. आपल्या गल्लीतल्या क्रिकेटमध्येही पंच नसतो, आणि तिथे काय होते ते आपण जाणतोच. ज्याची बॅट त्याचा निर्णय!

राग इथेच का येतो?

कबड्डीत एखादा चढाईपटू एकट्याच्या बळावर सामना फिरवू शकतो. फ्रिसबीत ते जमत नाही. कितीही चपळ खेळाडू असला तरी चकती हातात आली की त्याला थांबावेच लागते. म्हणजे प्रत्येक वेळी आपले यश दुसऱ्याच्या हातात. त्यात वाऱ्याची झुळूक आली की चकती भलतीकडे वळते. डोक्यावर दहाची मोजणी चालू असते. आणि चूक झाली की हळहळायलाही वेळ मिळत नाही, लगेच बचावासाठी धावावे लागते. मनासारखे न होणे, ते दुसऱ्यामुळे झाले असे वाटणे आणि विचार करायला वेळ नसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की राग आलाच म्हणून समजा.

राग आला की शरीरात काय होते? मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात मिसळते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, श्वास उथळ आणि जलद होतो, खांदे-मनगट आवळले जातात. लढायला किंवा पळायला हे उपयोगी आहे. पण चकती फेकायला मनगट सैल लागते आणि बोटांवर ताबा लागतो. शिवाय रागाने लक्षाचा घेरही आकसतो. मोकळा उभा असलेला साथीदार दिसत नाही, ज्याच्यावर राग आहे तोच तेवढा दिसत राहतो. म्हणजे रागावलेला खेळाडू दुसऱ्याची चूक सुधारत नाही, स्वतःची एक चूक तिच्यात मिळवतो.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘राग आतल्या आत ठेवू नये, उशीवर मुठी मारून बाहेर काढावा’ असे सांगितले जाते. मानसशास्त्रातल्या प्रयोगांत असे आढळले आहे, की आदळआपट केल्याने राग निवळत नाही, उलट भडकत राहतो. भिंत तर उशीपेक्षा कितीतरी वाईट.

मैदानावर काय करावे?

त्या मुलाला मी जे सांगितले ते थोडक्यात असे.

१. चूक झाली की आधी पुढचे काम करा. चकती पडली? आपला प्रतिस्पर्धी शोधा आणि त्याच्याकडे धावा. ‘असे कसे झाले’ याचा विचार गुण संपल्यावर. त्या वेळी दोन्ही संघ आपापल्या टोकाला जाऊन उभे राहतात, तेवढा मोकळा वेळ असतो.

२. श्वास लांब सोडा. नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुपटीने वेळ लावून तोंडाने सोडा. असे चार-पाच वेळा करा. श्वास सोडताना नाडी मंदावते. हा काही मंत्र नव्हे, शरीराचा धर्म आहे. बरोबर खांदे सैल सोडा आणि मुठी उघडा. मूठ उघडी असली की भिंतीवर मारता येत नाही!

३. माणसावर नको, कामावर बोला. ‘‘तू नेहमीच सोडतोस’’ या वाक्याचे समोरच्याने काय करावे? त्याला फक्त लाज वाटते किंवा राग येतो. ‘‘पुढच्या वेळी थोडा आधी निघ’’ हे त्याला करता येते. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द सामना संपेपर्यंत तोंडात येऊ देऊ नका.

४. सूचना छोटी द्या आणि वेळेवर द्या. चकती हवेत गेली की बचाव करणारे ‘अप’ असे ओरडतात, कारण पाठमोऱ्या साथीदाराला ती दिसत नसते. असे पाच-सहा शब्द संघाने आधीच ठरवून घ्यावेत. मैदानावर सात जणांनी सात भाषणे दिली तर कोणालाच काही ऐकू येत नाही.

५. कोणाला काय चालते ते आधी विचारा. चूक झाल्यावर एखाद्याला पाठीवर थाप हवी असते, एखाद्याला दोन मिनिटे कोणी बोलूच नये असे वाटते. सरावाच्या वेळी प्रत्येकाने हे सांगून टाकावे. न विचारता केलेली समजूतही कधी कधी मिठासारखी झोंबते.

६. पाणी प्या, खाऊन जा, झोपून जा. उपाशीपोटी, उन्हात, अपुऱ्या झोपेनंतर क्षुल्लक गोष्टीवरून माणूस चिडतो. दिवसभराच्या स्पर्धेत दोन सामन्यांच्या मध्ये केळे, चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. माझ्या या रुग्णाने त्या शनिवारी सकाळच्या चहा-बिस्किटावर तीन सामने खेळले होते.

भांडायचे कसे, याचेही नियम

प्रतिस्पर्ध्याशी वाद झाला तर या खेळाची पद्धत शिकण्यासारखी आहे. ज्याच्याविरुद्ध आगळीक झाली त्याने ती पुकारायची. खेळ थांबतो. ज्या दोघांमध्ये ती घडली त्यांनी आपण काय पाहिले ते सांगायचे. समोरच्याला पटले तर त्याने मान्य करायचे. नाही पटले आणि एकमत झालेच नाही, तर साधारणपणे चकती आधीच्या फेकणाऱ्याकडे परत जाते आणि तो डाव पुन्हा खेळला जातो. कोणीच जिंकले नाही, कोणीच हरले नाही, खेळ पुढे चालू. आणि आपलाच साथीदार चुकीचे बोलत असेल तर त्याला तसे सांगणे हे गद्दारीचे नव्हे, सभ्यतेचे लक्षण मानले जाते. वातावरण फारच तापले तर कर्णधार खेळ थांबवून सर्वांना एका रिंगणात आणू शकतो.

सामना संपल्यावर अनेक ठिकाणी दोन्ही संघ खांद्याला खांदा लावून रिंगण करतात आणि एकमेकांचे काय आवडले, काय खटकले ते बोलतात. शिवाय प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याला वागणुकीचे गुण देतो. नियमांचे ज्ञान, धसमुसळेपणा टाळणे, न्यायबुद्धी, आनंदी वृत्ती व संयम आणि संवाद, अशा पाच बाबी. प्रत्येकी शून्य ते चार, एकूण वीस. सामना हरलेला संघ या वीस गुणांत पुढे असू शकतो. आपल्या घरात रात्री जेवताना असे गुण द्यायचे ठरवले तर किती मिळतील, याचा विचार वाचकांनी करून पाहावा.

हाताला लागलेच तर

मुठीला मार लागून सूज आली तर बोटातली अंगठी लगेच काढा, नंतर ती निघत नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावा, हात उंच धरा. तेल चोळू नका, बोट ओढून ‘बसवून’ घेऊ नका. मूठ मिटताना एक बोट दुसऱ्यावर चढत असेल तर हाड फिरलेले असते, त्याला उशीर चालत नाही. आणि मारामारीत कोणाचा दात लागून बोटाच्या सांध्यावर जखम झाली असेल, तर ती कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तोंडातले जंतू सांध्यात शिरले की बोट निकामी होऊ शकते. अशा वेळी ‘दारात सापडला’ वगैरे थापा डॉक्टरला मारू नका, नुकसान तुमचेच होते.

एखाद्या सामन्यात राग येणे हा आजार नव्हे. पण आठवड्यातून अनेकदा वस्तू फेकणे, हात उगारणे, नंतर पश्चात्तापाने झोप न येणे, सतत उदास वाटणे, राग गिळायला दारूचा आधार घेणे, असे असेल तर मात्र मदत घ्यावी. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय असते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्ला मिळतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. हाड मोडल्यावर आपण लाजतो का?

पुढे काय झाले?

प्लास्टर सुकेपर्यंत त्या मुलाने मला विचारले, ‘‘आता त्याच्याशी काय बोलू?’’ मी म्हटले, ‘‘सर्वांसमोर बोललास ना? मग माफीही सर्वांसमोर माग. आणि एक पथ्य पाळ. माफीच्या वाक्यात ‘पण’ हा शब्द घालू नकोस. ‘माझं चुकलं, पण तू झेलायला हवी होतीस’ ही माफी नव्हे, ते दुसरे भांडण झाले. माफी मागून झाली की त्याला विचार, त्या वेळी नेमकं काय झालं होतं. आणि मग गप्प बसून ऐक.’’

चार आठवड्यांनी प्लास्टर काढायला आला तेव्हा चेहरा मोकळा होता. मी बोटांचे व्यायाम शिकवले, रबरी चेंडू दाबायला सांगितला, आणखी काही आठवडे तरी खेळायचे नाही असे बजावले. मग विचारले, ‘‘मित्राचे काय झाले?’’

तो हसला. ‘‘विचारलं त्याला. तो म्हणाला, ‘वारा समोरून होता. तू इतकी उंच फेकलीस की ती माझ्यामागे चालली होती. मी उडी मारून निदान बोटं तरी लावली.’ काका, खरं सांगू का, हातातून सुटली तेव्हाच मला कळलं होतं की फेक चुकली. म्हणूनच बहुतेक एवढा ओरडलो.’’

‘‘आणि खोलीवर?’’

‘‘महिनाभर माझ्या बुटांच्या नाड्या तोच बांधत होता. रोज म्हणायचा, तुला खेळायला घेतलं कोणी?’’