चर्चासत्राबाहेरची चर्चा

द्राक्ष बागायतदाराचं वर्ष छाटणी ते छाटणी असं चालतं. एप्रिलची खरड छाटणी मागे पडलेली असते, ऑक्टोबर छाटणीला अजून अवकाश असतो. अशा वेळी, ऑगस्टच्या सुमारास, महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं वार्षिक चर्चासत्र पुण्यात भरतं. नाशिक, सांगली, सोलापूरचे बागायतदार बाग कुणावर तरी सोपवून तिथं पोहोचतात.

नुसती माहितीच हवी असेल तर एवढा प्रवास करायची गरज उरलेली नाही. हवामानाचा अंदाज, फवारणीचं वेळापत्रक, तज्ज्ञांची व्याख्यानं, सगळं फोनवर मिळतं. गावोगावचे व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर वाजत असतात. पण ग्रुपवर फोटो पडतो तो भरघोस घडाचा. घड जिरले, डाऊनी रोगानं बाग हातची गेली, चुकीच्या अवस्थेत जीए हे संजीवक दिलं आणि मणी बिघडले, हे चारचौघांत लिहायला कुणी धजावत नाही. चहाचा कप हातात घेऊन बाजूला उभं राहिलं की मात्र तेच बोलणं सुरू होतं. समोरच्याचंही तसंच नुकसान झालेलं असतं, त्यामुळे संकोच गळून पडतो. किती पीपीएम, कोणत्या दिवशी, आदल्या रात्री पाऊस होता का, असे उलटसुलट प्रश्न विचारले जातात. पुढच्या हंगामाला खरा उपयोग होतो तो या प्रश्नोत्तरांचा.

शिवार फेरीत तर बोलण्याचीही गरज भासत नाही. अनुभवी बागायतदार दुसऱ्याच्या बागेत शिरला की आधी काडी बोटांत धरून जाडी जोखतो. मग कात्रीनं आडवा छेद घेऊन आतला गाभा तपकिरी झालाय का, ते पाहतो. काडी पक्व झाली की नाही, याचा अंदाज त्याला तिथंच येतो. हे वाचून कळतं, पण बोटांना त्याची सवय लागते ती कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच. महाराष्ट्रात नावारूपाला आलेल्या काही जातीही अशाच शेतकऱ्यांच्या नजरेतून आलेल्या आहेत. तासगाव परिसरातली तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांची सोनाका, दोन्ही थॉम्पसन सीडलेसच्या कुळातल्या. वेगळी दिसलेली वेल कुणीतरी हेरली, जपली आणि तिची काडी पुढे इतरांच्या बागांत गेली.

भेटींचा असा फायदा मोजायचा कसा? एका वादळानं ती संधी दिली. 2012 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचं मोठं वार्षिक अधिवेशन न्यू ऑर्लिन्सला भरणार होतं. आयझॅक वादळ आलं आणि अधिवेशन ऐन वेळी रद्द झालं. कार्यक्रमपत्रिका छापलेली होती, म्हणजे कोण कोणाला भेटलं असतं हे माहीत होतं. संशोधकांनी पुढच्या काळातल्या शोधनिबंधांवरची नावं तपासली. अधिवेशन हुकल्यामुळे त्यात सहभागी होणाऱ्यांनी मिळून शोधनिबंध लिहिण्याची शक्यता 16 टक्क्यांनी घटली होती. हे लोक ईमेल वापरणारे, एकमेकांचं लेखन वाचणारे होते. तरीही ती तूट भरून निघाली नाही.

प्रवासखर्चात कपात करताना कंपन्यांनी हा आकडा जरूर समोर ठेवावा. ऑनलाइन बैठकीत ठरलेल्या माणसांशी ठरलेल्या विषयावर बोलणं होतं, आणि तेवढ्यासाठी ती उत्तमच आहे. आपल्याला काय हवंय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती मात्र तिथं फारसं काही लागत नाही.

स्टीव्ह वॉझ्निॲकचंच पाहा. तो 1975 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरवर काम करायचा. स्वभावानं अतिशय बुजरा. 5 मार्चला कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये एका गॅरेजात इलेक्ट्रॉनिक्सवेडे जमणार होते. मित्राच्या सांगण्यावरून तो तिथं गेला, आणि गेला तो विषय वेगळाच असेल अशा समजुतीनं. विषय मायक्रोप्रोसेसरचा आहे हे आधी कळतं तर आपण गेलोच नसतो, असं त्यानं पुढे सांगितलं आहे. तिथून एका मायक्रोप्रोसेसरचं माहितीपत्रक तो घरी घेऊन आला आणि ते वाचताना त्याच्या डोक्यात स्वतःच्या संगणकाचा आराखडा आकार घेऊ लागला. तोच पुढे ‘ॲपल वन’ झाला. गॅरेजात जमलेल्या या ‘होमब्रू’ क्लबातल्या सोबत्यांना त्यानं तो आराखडा फुकट वाटला होता.

क्लबाच्या बैठका चालवणाऱ्या ली फेल्सेनस्टाइननं वेळेची वाटणीही विचारपूर्वक केली होती. आधी ज्याला त्याला उभं राहून आपल्याकडे काय आहे, काय अडलंय, हे थोडक्यात सांगता यायचं. मग सभा मोडायची आणि ज्याची अडचण ऐकली त्याला गर्दीत शोधून गाठायला सगळे मोकळे. आपल्याकडच्या उद्योगमेळाव्यांत स्वागत, सत्कार आणि प्रास्ताविकात सकाळ सरते आणि जेवणाची सुट्टीही आखूड होते. त्यातले दोन सत्कार वगळून तेवढा वेळ आलेल्यांना आपापसांत बोलायला द्यायला आयोजकांना काहीच हरकत नाही.