स्फिंक्सची अंगठी आणि पोटावरचा नाग

ग्रीक-रोमन कोरीव रत्नांवर ग्रिफिन आहे, पंखांचा घोडा पेगॅसस आहे, मेदुसा तर जागोजाग आहे. सगळ्यांची हजेरी घेत बसलो, तर हे दगड लोक वापरायचे कशासाठी, हेच राहून जाईल. म्हणून आज दोनच प्राणी घेऊ.

पहिला स्फिंक्स. तोंड बाईचं, अंग सिंहाचं, पाठीला पंख. ऑगस्टसची सुरुवातीची मुद्रा हीच होती. प्लिनी लिहितो, की आईच्या अंगठ्यांत त्याला हुबेहूब सारखे दोन स्फिंक्स मिळाले. यादवीच्या काळात तो बाहेर असला, की त्यातली एक अंगठी त्याच्या मित्रांकडे असे आणि ते त्याच्या नावाने पत्रं, हुकूम काढत. आता बघा, नखाएवढा दगड, पण त्याचा ठसा म्हणजे राज्यकर्त्याचा शब्द! आणि तो शब्द नक्की कोणाचा, हे घेणाऱ्याला कळणार कसं? लोक थट्टा करू लागले, की स्फिंक्सकडून येणार ते कोडंच. शेवटी ऑगस्टसने ती मुद्रा सोडून सिकंदराचा चेहरा घेतला. त्याचा मित्र मीसिनस याच्या मुद्रेवर साधा बेडूक होता, पण तो दिसला की लोकांना धडकी भरे, कारण मागोमाग कराची मागणी यायची.

हे कोरायचे कसे? दगड कठीण, लोखंडाला दाद न देणारा. म्हणून फिरत्या सळईच्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून तो झिजवत. ठसा सुलट यावा म्हणून अक्षरं उलटी कोरत. (दगडांचा व्यापार दूरवरचा होता, पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’मध्ये आपल्या पैठणहून भडोचला जाणाऱ्या ऑनिक्सची नोंद आहे.)

दुसरा प्राणी ख्नूबिस. सिंहाचं डोकं, त्याभोवती किरणं आणि खाली नागाचं वेटोळं. याच्या दगडांवर अक्षरं बहुतेक वेळा सुलटीच असतात. म्हणजे ठसा उमटवणं हा हेतूच नव्हता, हा ताईत. पोटाच्या दुखण्यावर तो गळ्यात घालत.

इथे गेलन येतो, दुसऱ्या शतकातला मोठा वैद्य. हिरव्या जास्परवर किरणांचा नाग कोरावा, असं नेखेप्सोस राजाच्या नावावरच्या ग्रंथात सांगितलेलं त्याला ठाऊक होतं. त्याने काय केलं? काहीही न कोरलेल्या जास्परची माळ केली आणि दगड जठराच्या तोंडाशी टेकतील इतकी लांब ठेवली. गुण तेवढाच आला, असं तो लिहितो. गंमत अशी, की नाग त्याने काढून टाकला, दगडावरचा विश्वास मात्र तसाच ठेवला. आणखी एक माळ, दगडाशिवायची, करून बघायला हवी होती, असं मला वाटतं.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ख्नूबिस शोधलात, तर दगडाच्या मागच्या बाजूचं छायाचित्रही उघडा. आडव्या रेघेने छेदलेले तीन नागमोडी फाटे पुष्कळदा तिथे दिसतील. ती त्याचीच खूण.