पोलीस भरती आणि जुन्या नोकरीची नोंद

पासलीसारख्या गावातली बरीच मुलं पोलीस भरतीची तयारी करता करता कुठे हॉटेलात, कुठे कंपनीत काम करतात. निवड झाली की त्यांच्या हातात साक्षांकन नमुना (स्वतःची माहिती भरून खरेपणाची सही करायचा अर्ज) पडतो. पूर्वीच्या नोकरीच्या रकान्यापाशी पेन थांबतं. आठ महिन्यांची कंत्राटी नोकरी, तीही मध्येच सोडलेली, लिहायची कशाला?

लिहायची. चारित्र्य पडताळणी (उमेदवाराने दिलेली माहिती व पोलिसांकडील नोंदी जुळवून पाहणे) म्हणजे उमेदवारावर संशय नव्हे. आपण जमीन घेताना सातबाऱ्याबरोबर जुने फेरफारही बघतो. फेडलेल्या कर्जाचा बोजा दिसला म्हणून व्यवहार मोडत नाही. लपवलेला बोजा निघाला तर मात्र विश्वासच उडतो. नोकरी सोडणं हा गुन्हा नाही, खोटी माहिती देणं मात्र अपात्रतेचं कारण ठरू शकतं.

गुन्ह्याच्या रकान्याबद्दलचा गैरसमज अधिक घातक आहे. ‘सुटलो, म्हणजे लिहायला नको’ असं अनेकांना वाटतं. अर्जात अटक किंवा खटल्याबद्दल विचारलं असेल, तर निर्दोष सुटल्यावरही ते सांगावं लागतं. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली सांगितलं, की क्षुल्लक प्रकरण लपवलं गेलं असेल तर नियोक्ता ते माफ करू शकतो. पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक मिळेलच, असंही नाही.

सही करण्यापूर्वी प्रत्येक रकाना घरच्यांसोबत वाचा, आणि भरलेल्या अर्जाची एक झेरॉक्स जपून ठेवा.