अळवाच्या वाफ्यातला दिवस

पहाटे 5.30
हरतालिकेचा उपवास आहे, तरी हातात विळा आधी. परवा ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून ऋषीच्या भाजीला परसातला अळू लागतो. गल्लीतल्या बायकांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलंय, "वहिनी, आमची एक जुडी राखा हं."

आमच्या पुणतांब्यात ऊन रखरखीत, पाऊस बेताचा. पण विहिरीकडच्या आंबा, जांभूळ आणि उंबराखाली दिवसभर गार सावली असते. तिथंच माझा अळू, कमरेच्या वर गेलेला. अकरा वर्षांपूर्वी आत्याबाईंनी चार गड्डे दिले, त्यांचाच हा सगळा विस्तार.

6.00
बाहेरची जाणती पानं कापायची. आतली दोन-तीन पानं आणि मधली सुरळी राखायची. सगळं खुडलं तर गड्डा दमतो. कापलेल्या देठाचा चीक हाताला खाजतो, म्हणून आधीच खोबरेल तेल चोळलेलं बरं.

रात्रीच्या पावसाचे थेंब पानावर मोत्यासारखे फिरतात आणि ओघळून जातात. टिकत नाही त्याला आपण 'अळवावरचं पाणी' म्हणतो. पानावर मेणाचा थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात, त्यामुळे थेंब ठरत नाही आणि जाताना धूळही घेऊन जातो. सावलीत ओल लवकर सुकत नाही. तिथं पान कोरडं राहणं फार मोलाचं.

8.00
निवड. काळ्या देठाची पानं वडीला, हिरव्या देठाची फतफत्याला. जुड्या बांधून ओल्या फडक्यात ठेवल्या.

10.00
एकेक पान उलटून पाहते. शेपटीला काटा असलेली जाड हिरवी अळी एका रात्रीत अर्धं पान फस्त करते. ती हातानंच वेचायची. जे पान खायचं त्यावर औषध मारायचं नाही. पाणी शोषल्यासारखे तपकिरी डाग दिसले, की ते पान कापून वाफ्याबाहेर न्यायचं. हा करपा. 1993 साली सामोआ बेटांवर याच रोगानं अळवाचं पीक बुडवलं होतं, आणि तिथं अळू हे लोकांचं रोजचं जेवण.

12.00
मला उपवास, पण मुलांसाठी फतफतं केलं. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, मुळा आणि चिंचेचा कोळ. अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. म्हणून अळू कच्चट राहता कामा नये आणि आंबटाला हात आखडायचा नाही. मला चव घेता येत नव्हती, म्हणून धाकट्याला विचारलं, "घशाला खाजतं का रे?" त्यानं मान हलवली आणि वाटी पुढं केली.

3.00
पाण्याची वेळ. आमच्या भागातली शेती नांदूर मधमेश्वरहून येणाऱ्या गोदावरीच्या उजव्या कालव्यावर. आवर्तन कधी सुटणार, हीच घरोघरची चर्चा. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची हाक याच गावातून गेली होती. पाणी आणि भाव, दोन्हींसाठी झगडणारं हे गाव.

माझा अळू मात्र आवर्तनाची वाट पाहत नाही. न्हाणीचं आणि भांडी विसळल्याचं पाणी चारीनं वाफ्यात जातं. कपड्यांच्या साबणाचं पाणी वेगळं काढते, आणि गटाराचं पाणी वाफ्याला कधीच लावत नाही. पान लोकांच्या पोटात जायचं असतं. वाफ्यात उसाचं पाचट पसरलंय, त्यानं ओल टिकते. पण आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून दर पावसाळ्याआधी शेणखत घालून ती भुसभुशीत करावी लागते; नाहीतर गड्डा सडतो.

5.30
शेजारच्या नव्या सुनेला चार पिल्लं काढून दिली. गड्ड्याच्या अंगाला फुटलेली ही पिल्लं म्हणजेच अळवाचं बियाणं. हवाई बेटांवरचे लोक अळवाला माणसाचा थोरला भाऊ मानतात. तिला ते सांगितलं, तर तिनं पिल्लं पदरात घेतली.

7.30
हरतालिकेची पूजा झाली. उंबराखाली अंधार दाटलाय, आणि चारीतून संध्याकाळच्या भांड्यांचं पाणी वाफ्याकडे निघालंय.

तुमच्या परसात मोरीचं पाणी वाया जात असेल आणि एखादं झाड सावली धरून उभं असेल, तर येत्या वैशाखात तिथं चार बोटं खोल एक गड्डा लावा. पहिली पानं घरी खा, आणि पहिलं पिल्लू शेजारी द्या.