सेकंडहँड पिकअप घेताय? किलोमीटर नंतर बघा, आधी गाडीनं किती ओझं वाहिलंय ते शोधा

लासलगावचा कांदा लिलाव असो की पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो बाजार, हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलींच्या जोडीला पिकअपच्या रांगा लागलेल्या दिसतात. घरचा माल नेता येतो, शेजाऱ्याचा माल भाड्यानं टाकता येतो आणि गावाकडच्या अरुंद रस्त्यावरही गाडी वळते. त्यामुळे ग्रामीण भागातल्या अनेक तरुणांसाठी पिकअप हा पहिला स्वतःचा धंदा ठरतो. नवी गाडी सगळ्यांना परवडत नाही, मग सेकंडहँडचा शोध सुरू होतो.

पण जुनी कार बंद पडली तर घरातल्यांची गैरसोय होते. जुनी पिकअप भर हंगामात बंद पडली तर माल खराब होतो, भाडं बुडतं आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच पिकअप बघण्याची पद्धत कार बघण्यापेक्षा वेगळी असावी लागते. मॉडेल कोणत्या वर्षाचं आणि गाडी किती किलोमीटर फिरली, हे दोन प्रश्न सगळेच विचारतात. गाडी किती टिकेल हे मात्र तिसऱ्याच गोष्टीवर ठरतं. आजवर तिच्यावर किती वजन लादलं गेलं?

गाडीची खरी क्षमता कुठे लिहिलेली असते?

आरसीवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं भरलेल्या गाडीचं, म्हणजे जीव्हीडब्ल्यू. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की गाडीवर किती भार टाकता येतो ते कळतं.

नावावरून अंदाज बांधू नये. २००५ मध्ये आलेल्या टाटा एसची, म्हणजे आपल्या 'छोटा हत्ती'ची क्षमता साधारण पाऊण टन. महिंद्रा बोलेरो पिकअप १.३ टनाची मिळते आणि १.७ टनाचीही. बोलेरो मॅक्स आणि टाटा योद्धा यांचे काही प्रकार २ टनांपर्यंत जातात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांच्या क्षमतेत अनेक क्विंटलचा फरक असू शकतो. म्हणून आरसी बघितल्याशिवाय भावाची बोलणी सुरू करू नयेत.

एक साधं गणित बघू. समजा आरसीवर रिकामं वजन १७५० किलो आणि भरलेलं वजन ३४५० किलो आहे, म्हणजे क्षमता १७०० किलो. टोमॅटोचं २० किलोचं क्रेट रिकाम्या क्रेटसकट २२ किलोचं धरलं, तर कागदावर ७७ क्रेट बसतात. पण आधीच्या मालकानं लोखंडी जाळी, उंच फाळके आणि जाड पत्रा बसवून गाडी २०० किलोनं जड केली असेल तर? त्यात चालक आणि सोबतचा एक माणूस मिळून १४० किलो धरा. आता उरतात १३६० किलो, म्हणजे जेमतेम ६१ क्रेट.

याच गाडीत १०० क्रेट भरली, तर वजन मर्यादेपेक्षा ८४० किलोनं जास्त होतं. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या सुधारित मोटार वाहन कायद्यानुसार जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड आहे. शिवाय प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही वाहनाच्याच माथी.

म्हणून सौदा ठरण्याआधी रिकामी गाडी जवळच्या वजनकाट्यावर न्यावी. काट्याची पावती आणि आरसीवरचं रिकामं वजन यात मोठा फरक निघाला, तर तेवढा भार कायमचा कमी झाला असं धरून धंद्याचं गणित मांडावं.

गाडीनं जास्त ओझं वाहिलंय, हे कसं ओळखायचं?

पिकअप शिडीच्या आकाराच्या चासीवर उभी असते. दोन लांब लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, केबिन आणि हौदा सगळं त्यावरच बसतं. इंजिन पुन्हा बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. पण चासी वाकली किंवा तिला चीर गेली, की गाडीचं आयुष्यच कमी होतं.

चासी : गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून बघावी. केबिनच्या मागचा भाग आणि मागचे कमानपाटे जिथे चासीला जोडलेले असतात ती जागा, या दोन ठिकाणी चिरा जाण्याची शक्यता जास्त. तिथे वेल्डिंगची रेघ किंवा नंतर ठोकलेली पट्टी दिसली, तर गाडी सोडून दिलेली बरी. खालून नुकताच काळा रंग मारला असेल, तर तो खरवडून बघण्याची परवानगी मागावी. केबिन आणि हौदा यांच्यामधली फटही बाजूनं बघावी. ती वर आणि खाली सारखी नसेल, तर चासी वाकल्याची शंका घ्यायला जागा आहे.

कमानपाटे : रिकाम्या गाडीच्या पाट्यांना ठळक कमान असायला हवी. ते सपाट झाले असतील किंवा गाडी एका बाजूला झुकत असेल, तर ओझ्यानं पाटे बसलेत. जादा पाटे टाकलेले असतील, तर मालक नियमित जास्त माल भरत होता, असा त्याचा सरळ अर्थ. यात आणखी एक धोका असतो. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकची ताकद भारानुसार कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. जादा पाट्यांमुळे गाडीची मागची बाजू उंच राहिली, तर हा व्हॉल्व्ह भरलेल्या गाडीलाही हलकी समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

मागचा एक्सल : मागचे टायर आतल्या बाजूनं जास्त झिजले असतील, तर एक्सलची हाऊसिंग वाकलेली असू शकते. चालत्या गाडीत ठरावीक वेगाला मागून घूं घूं आवाज येत असेल, तर डिफरन्शियल किंवा बेअरिंग तपासून घ्यावं.

आधी काय माल वाहिला, यानं फरक पडतो का?

खूप पडतो. दीड लाख किलोमीटर हायवेवर पार्सल वाहिलेली गाडी, साठ हजार किलोमीटर खाणीतून खडी वाहिलेल्या गाडीपेक्षा चांगली असू शकते.

मागचा इतिहास हौद्यात सापडतो. कोपऱ्यात आणि फाळक्यांच्या बिजागऱ्यांमध्ये वाळू, सिमेंट किंवा खडीची भुकटी अडकलेली असेल, तर गाडी बांधकामाच्या कामावर होती. हौद्याचा पत्रा खालून फुगल्यासारखा दिसला, तर वरून दगड टाकले जात असावेत. कोकणातून आलेली गाडी मासळीसाठी वापरली असेल, तर बर्फाचं खारट पाणी चासीवर ठिबकून गंज आतपर्यंत गेलेला असू शकतो. पाण्याची टाकी बसवलेल्या गाडीत पाणी डचमळत राहतं आणि तो झटका पाट्यांना आणि चासीला बसतो. दूध किंवा बेकरीच्या मालाच्या गाड्या रोज धावतात, पण त्यांच्यावरचा भार बहुतेक वेळा बेताचा असतो.

मीटरवरच्या आकड्यावर एकट्यानं विश्वास ठेवू नये. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची घासलेली कड, चालकाच्या बाजूची बसलेली सीट आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी यांच्याशी तो आकडा जुळतो का, ते बघावं.

इंजिन कसं तपासायचं?

गाडी थंड असताना जावं. मालकानं आधीच सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावला की कळतं. डिझेल इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल, तर तो सकाळीच दिसतो.

धुराचा रंगही बोलका असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जात असू शकतं किंवा डिझेल नीट जळत नाही. खूप काळा धूर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या फिल्टरकडे बोट दाखवतो. चालू इंजिनचं ऑइल भरण्याचं झाकण सैल केल्यावर आतून जोरात वाफ आणि हवा बाहेर आली, तर त्याला गॅरेजमध्ये 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. अशा इंजिनचं मोठं काम जवळ आलेलं असतं.

क्लचची परीक्षा सोपी आहे. समोर मोकळी जागा ठेवून हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. ते चालूच राहिलं, तर क्लच घसरतोय.

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ नियम लागू झाले. त्याआधीच्या बीएस४ गाड्यांचं काम तालुक्याच्या गॅरेजमध्येही सहज होतं. बीएस६ गाड्यांमध्ये सेन्सर जास्त आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणाही असते. त्यामुळे स्कॅनर लावून तपासणी करून घ्यावी. ही यंत्रणा काढून टाकलेली गाडी स्वस्त मिळाली, तरी पुढे पीयूसी आणि फिटनेसला अडकू शकते.

मागे ट्रॉली ओढायची असेल तर?

वाहणं आणि ओढणं या वेगळ्या क्षमता आहेत. १७०० किलो वाहणारी गाडी तेवढ्याच वजनाची ट्रॉली सुरक्षित ओढेल, असं नाही. ट्रॉली गाडीला मागे खेचते, उतारावर पुढे ढकलते आणि तिच्या पुढच्या टोकाचा भार थेट हुकावर येतो. साधारणपणे ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हुकावर असावं, असं मानतात. त्यापेक्षा कमी असेल तर ट्रॉली डोलते, जास्त असेल तर गाडीचं पुढचं तोंड हलकं होऊन स्टिअरिंग सैल वाटतं.

त्यामुळे कंपनीनं त्या मॉडेलला ओढण्याची परवानगी दिली आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघावं. कायद्यानं ट्रॉलीची नोंदणीही वेगळी लागते. विकायला आलेल्या पिकअपच्या मागे घरगुती वेल्डिंगचा हूक असेल किंवा हूक कापून काढल्याची खूण असेल, तर क्लच, गिअरबॉक्स आणि चासीचा मागचा आडवा दांडा दुप्पट काळजीनं तपासावा.

कागदपत्रांत काय अडकू शकतं?

परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की फिटनेस, विमा, कर आणि कर्जाची नोंद बघता येते. थकलेली ई-चलनंही आधीच तपासून घ्यावीत.

फिटनेस : व्यावसायिक वाहन ८ वर्षांचं होईपर्यंत फिटनेसचं नूतनीकरण २ वर्षांसाठी होतं, त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. फिटनेस संपलेली गाडी 'फक्त पासिंग बाकी आहे' म्हणून विकली जात असेल, तर पासिंग मालकानंच करून द्यावं अशी अट घालावी.

परमिट : भरलेलं वजन ३००० किलोपेक्षा जास्त असेल, तर परमिट लागतं. ते नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावं लागतं.

कर्ज : आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल, तर त्यांची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

नावावर करणं : फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नव्या मालकाच्या नावावर होते. गाडी त्याच राज्यातली असेल, तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करावा.

अनेक जण 'नंतर करू' म्हणून नाव बदलणं लांबवतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की गाडी विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावरच राहते. त्यामुळे घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. घेणाऱ्याचं नुकसान वेगळं आहे. आरसी नावावर नसेल, तर गाडीचं नुकसान झाल्यावर विम्याचा दावा अडतो.

परवान्याबद्दलचा गोंधळही मिटला आहे. नोव्हेंबर २०२४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, ७५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचं मालवाहू वाहन एलएमव्ही परवान्यावर चालवता येतं.

सौद्याचा क्रम काय ठेवावा?

आधी नंबरवरून कागद तपासा. मग थंड इंजिन, चासी आणि पाटे बघा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, पण तो विकणाऱ्यानं सुचवलेला नसावा. त्यानंतर रिकाम्या गाडीचं वजन करा. शेवटी मर्यादेइतका माल भरून चढ-उताराच्या रस्त्यावर गाडी चालवा, कारण रिकामी पिकअप जवळपास नेहमीच चांगली चालते.

बजेट ठरवताना सगळे पैसे खरेदीत घालू नका. टायर, क्लच, ब्रेक, विमा आणि फिटनेस यांचा खर्च पहिल्या काही महिन्यांतच येतो आणि तेव्हा हप्तेही सुरू झालेले असतात. शक्य असेल तर मोठी रक्कम आरसी नावावर करण्याची प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच द्यावी. तोवर दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती किंवा बँकेची नोंद जवळ ठेवावी.