थायरॉईड बिघडला की मन का बिघडते? रोगांचे वर्गीकरण काय सांगते?

नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेच्या काठी किनवट आहे. या तालुक्यातील कोणत्याही गावात घडू शकेल असा एक प्रसंग पाहू. पंचेचाळिशीतली एक बाई वर्षभरापासून मंदावली आहे. बसल्या जागी डोळा लागतो, वैशाखातही पांघरूण लागते, आवाज घोगरा झाला आहे, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात, वय झाले. मग एक दिवस ती सांगू लागते की जाऊ आपल्या जेवणात काहीतरी कालवते. रात्री कोणीतरी हाक मारते. आता घरात दोन मते पडतात. कोणी म्हणते भानामती झाली, कोणी म्हणते डोक्यावर परिणाम झाला. दोष गळ्यातल्या एका ग्रंथीचा असेल, ही शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वैद्यकशास्त्रात मात्र या शक्यतेची स्वतंत्र नोंद आहे आणि तिला ठरलेला क्रमांकही आहे.

गळ्यातली ग्रंथी डोक्यापर्यंत कशी पोहोचते?

थायरॉईड म्हणजे अवटू ग्रंथी. ती गळ्याच्या पुढच्या भागात, फुलपाखराच्या आकारात असते. तिचे संप्रेरक शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग ठरवते. मेंदूच्या पेशीही त्यातच आल्या. संप्रेरक कमी पडले की विचार, स्मरण आणि हालचाल मंदावते, उदासी येते आणि क्वचित भास व संशयही सुरू होतात. संप्रेरक जास्त झाले की उलटे चित्र दिसते : धडधड, हातांना कंप, झोप उडणे, चिडचिड, वजन घटणे, सतत धास्ती. पहिला रुग्ण 'नैराश्याचा' वाटतो, तर दुसरा 'घाबरट स्वभावाचा'.

हे ओळखण्याची मुख्य चाचणी म्हणजे रक्तातील 'टीएसएच'. टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येते. शेतावरच्या मुकादमासारखे तिचे काम असते. मजूर सुस्तावला की मुकादमाचा आवाज चढतो. म्हणून थायरॉईड मंदावला की टीएसएच सहसा वाढते आणि थायरॉईड अतिकाम करू लागला की ते घटते. अहवालात 'टीएसएच जास्त' दिसले की अनेकांना थायरॉईड वाढला असे वाटते, पण अर्थ बहुधा नेमका उलटा असतो.

वर्गीकरण म्हणजे काय आणि ते कोण करते?

जागतिक आरोग्य संघटना 'आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरण' म्हणजे आयसीडी प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक आजाराला एक संकेतांक असतो. भारतात अनेक वर्षे वापरात असलेल्या दहाव्या आवृत्तीत थायरॉईडचे आजार 'ई००' ते 'ई०७' या गटात आहेत. आयोडीनच्या कमतरतेमुळे होणारे आजार 'ई००' ते 'ई०२' मध्ये येतात. संप्रेरक कमी पडण्याचे इतर प्रकार 'ई०३' मध्ये, गलगंडाचे काही प्रकार 'ई०४' मध्ये, संप्रेरक जास्त होणे 'ई०५' मध्ये आणि ग्रंथीचा दाह 'ई०६' मध्ये.

मानसिक आजारांचे प्रकरण 'एफ' अक्षराचे आहे. त्यातला पहिलाच गट, 'एफ००' ते 'एफ०९', 'ऑरगॅनिक' मानसिक विकारांचा आहे. इथल्या 'ऑरगॅनिक'चा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही. मेंदूची इजा किंवा शरीरातील दुसरा आजार यांतून आलेला मानसिक विकार, म्हणजेच शरीरजन्य मानसिक विकार, असा त्याचा अर्थ. स्मृतिभ्रंश याच गटात आहे, तापात किंवा गंभीर आजारात अचानक येणारी भ्रमावस्था 'एफ०५' आहे आणि शारीरिक आजारामुळे होणारे भास, संशय, उदासी, चिंता हे 'एफ०६' मध्ये येतात.

मग त्या बाईची नोंद कुठे होईल?

दोन्ही ठिकाणी. तपासणीत थायरॉईड मंदावल्याचे आणि त्यातूनच संशय-भास आल्याचे ठरले, तर 'ई०३' हा मूळ आजार आणि 'एफ०६' हा त्यातून उद्भवलेला विकार, असे दोन संकेतांक लिहिले जातात. कारण एका खणात, परिणाम दुसऱ्या खणात. तिची फाइल किनवटहून नांदेडला जावो की शेजारच्या तेलंगणातील आदिलाबादला, पुढचा डॉक्टर हे दोन संकेतांक वाचून समजतो की हिला केवळ मनावरच्या गोळ्या देऊन भागणार नाही.

पण थायरॉईडचा अहवाल बिघडलेला दिसला म्हणून लगेच 'एफ०६' लिहिता येत नाही. त्यासाठी दहाव्या आवृत्तीत चार कसोट्या आहेत. मेंदूवर परिणाम करू शकेल असा शारीरिक आजार खरोखर असावा. तो आजार आणि मानसिक लक्षणे यांचा काळ जुळावा, म्हणजे दोहोंत आठवड्यांचे किंवा फार तर काही महिन्यांचे अंतर असावे. मूळ आजार बरा होऊ लागला की मनही सावरावे. आणि घरात मानसिक आजाराचा ठळक इतिहास किंवा नुकताच बसलेला मोठा धक्का, असे दुसरे कारण पुढे येत नसावे. टीएसएच किंचित वाढलेले असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट आहे. तीव्र मानसिक आजाराचे खापर सहसा तिच्यावर फोडता येत नाही.

ही गोष्ट डॉक्टरांना कधी समजली?

विल्यम गल यांनी १८७३ मध्ये लंडनमध्ये सुजलेल्या, मंदावलेल्या स्त्रियांच्या या आजाराचे वर्णन केले. १८८८ मध्ये तिथल्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने शंभराहून अधिक रुग्णांचा अहवाल दिला, तेव्हा त्यांतील जवळपास निम्म्यांमध्ये भ्रम किंवा भास आढळले होते. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका रुग्ण स्त्रीला बरे केले. तरीही हा धडा पुढे विस्मरणात गेला. १९४९ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी अशा १४ रुग्णांची हकीकत लिहिली. त्यांतील अनेकांवर वेडाचा शिक्का बसला होता आणि थायरॉईडच्या उपचारानंतर त्यांतले बरेचजण सावरले.

नव्या वर्गीकरणात काय बदलले?

अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने 'ऑरगॅनिक' हा शब्द सोडला. हा शब्द ठेवला तर बाकीच्या मानसिक आजारांना शरीराचा आधारच नाही असा अर्थ निघतो आणि तो खरा नाही. आता अशा विकारांना 'दुय्यम' म्हणतात. याचा अर्थ कमी महत्त्वाचे असा नाही, दुसऱ्या आजारातून आलेले असा आहे.

हा खटाटोप फक्त कागदापुरता नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की एखाद्याला मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर ठरावे आणि त्या निकषांत आयसीडीचा उल्लेख आहे. घरच्यांचा, गावाचा किंवा शेजाऱ्यांचा समज हा निकष होऊ शकत नाही. भूत किंवा भानामती उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

उलट दिशेनेही असे घडते का?

हो. द्विध्रुवीय विकारात दिले जाणारे लिथियम हे औषध काहींचा थायरॉईड मंदावते. औषधामुळे आलेल्या या आजाराला 'ई०३.२' असा वेगळा संकेतांक आहे. म्हणून लिथियम घेणाऱ्यांची थायरॉईड चाचणी ठरावीक काळाने करावी लागते. रुग्ण पुन्हा उदास, सुस्त दिसू लागला तर जुना आजार उलटला असे गृहीत न धरता आधी रक्त तपासलेले बरे.

बाळाच्या बाबतीत वाट का पाहू नये?

प्रौढ माणसाचा मंदावलेला मेंदू उपचाराने बहुधा सावरतो. पण जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळाचे उपचार लांबले तर बौद्धिक वाढ कायमची खुंटू शकते. गरोदरपणी आईच्या आहारात आयोडीनची तीव्र कमतरता असली तरी तेच होऊ शकते. त्यासाठी देशात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. माणसांना खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकण्यास मे २००६ पासून बंदी आहे. घरापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावे असा नियम आहे. मीठ घेताना पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले पाहावे आणि ते झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे.

घरच्यांनी काय करावे?

माणसाचा स्वभाव काही महिन्यांत बदलला आणि सोबत थंडी किंवा उकाडा सहन न होणे, वजनात फरक, बद्धकोष्ठता किंवा जुलाब, धडधड, केस गळणे, पाळी बिघडणे, गळ्याला सूज यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्यात. मनाचे एका ठिकाणी आणि शरीराचे दुसरीकडे सांगितले की दुवा निसटतो. 'टीएसएच केले आहे का?' असे विचारण्यात संकोच नसावा. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी होते. मन सावरायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो. तोवर मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

चाचणी नॉर्मल आली तर काय? तर आजार खोटा ठरत नाही. त्याचा खण वेगळा आहे एवढेच कळते आणि त्या खणातल्या आजारांवरही उपचार आहेत. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कधीही बोलता येते. त्या बाईला मात्र बोल लावण्याआधी रक्ताचा एक नमुना द्यायला हवा. तिच्या आजाराची नोंद बरोबर खणात होण्याची सुरुवात तिथूनच होते.