चहाची धार आणि धारेचा बाजार

नागपूरच्या सदर भागातील टपरीवर ‘डॉली चायवाला’ या नावाने प्रसिद्ध झालेले सुनील पाटील दुधाची पिशवी उंच धरतात आणि लांब धार अचूक भांड्यात सोडतात. रंगीत चष्मा, भरघोस केस, पैसे घेण्याची खास लकब, हा सगळा त्या पेल्याचाच भाग. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी त्यांच्या हातचा चहा पितानाची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि टपरीचे नाव जगभर झाले. समोरचे गृहस्थ कोण, हे पाटील यांना तेव्हा ठाऊक नव्हते म्हणे!

विधी आणि विक्री यांची ही सोयरीक नवी नाही. चीनमधील चाओझोऊ भागात मुठीएवढ्या किटलीतून, घोटभर पेल्यांत ‘गोंगफू’ चहा देण्याची रीत जुनी. तेथेही पाणी उंचावरूनच ओततात. परंतु आज चहागृहांत ‘प्राचीन परंपरा’ म्हणून जो सोहळा दाखवला जातो, त्यातील बराचसा भाग १९७० च्या दशकापासून तैवानमध्ये घडला आणि नंतर मुख्य भूमीवर गेला. युनान प्रांतातील सिमाओ शहराने तर २००७ मध्ये प्रसिद्ध चहाच्या नावावरून स्वतःचे नाव ‘पुअर’ करून घेतले. त्याच वर्षी त्या चहाचे फुगलेले भाव कोसळले, हेही खरे.

आपल्याकडे तर चहाची सवयच जाहिरातीने लावली. १९०३ च्या कायद्याने निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानकांवर चहा करण्याची कृती सांगणारे फलक लागले. विक्रेते दूध, साखर, मसाला फार घालतात, पत्ती वाचवतात, ही मळेवाल्यांची तक्रार होती. लोकांनी मात्र तीच चव आपली मानली.

फरक आहे तो येथे. चीनमध्ये सोहळा पानाची किंमत वाढवतो. कोणत्या डोंगरावरचे, किती वर्षे मुरलेले, यावर दर ठरतो. नागपुरी टपरीत सीटीसी पत्ती, दूध, साखर आणि आले एकत्र उकळते; दुधाची धार हातभर उंचावरून पडली काय नि वीतभर, चवीत फारसा फरक पडत नाही. मोल आहे ते धारेचे आणि ती सोडणाऱ्या हाताचे. जुलै २०२५ मध्ये पाटील यांनी फ्रँचायझी जाहीर केली. हातगाडीसाठी साडेचार लाखांपासून मोठ्या दालनासाठी ४३ लाखांपर्यंत गुंतवणुकीचे आकडे प्रसिद्ध झाले. पाककृती शिकवता येते, फलकही रंगवता येतो. पण दुसऱ्या गावातील गल्ल्यावर बसलेल्या, डॉली नसलेल्या माणसाच्या धारेसाठी गिऱ्हाईक थांबेल काय, हा प्रश्न पैसे गुंतवणाऱ्याने आधी स्वतःला विचारावा.